बर्जेसच्या घड्याळातले बारा

मी एक जुना पितळी भोंगा आहे. मित्रांनो, मला हळू बोलता येत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. ज्याला जन्मभर ओरडायलाच ठेवलं, त्याने कुजबुजायचं तरी कसं? पण आज जरा बेतानं बोलतो. समोरच्या पिवळ्या घरात कॅरिसा झोपली आहे. ती पावणेतीनला उठेल, तोवर माझी गोष्ट आटपायला हवी.

पेनसिल्व्हेनियातल्या हेमलॉक फोर्ड नावाच्या बरोच्या कचेरीवर माझं ठाण आहे. बरो म्हणजे खेडं म्हणावं तर लोक रागावतात आणि शहर म्हणावं तर शेजारचे हसतात. नऊशे माणसं, दोन चर्च, एक न्हाव्याचं दुकान, आग विझवायचा एक बंब, आणि एवढा पसारा हाकायला सात सभासदांचं मंडळ. त्या सातांवर एक महापौर. त्याला एरवी मत नसतं. सातांत बरोबरी झाली तरच त्याने हात वर करायचा. भांडणं मात्र अशी रंगतात, की मोठ्या शहरांनी शिकवणी लावावी.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. तीन पितळी नळ्या, त्यांवर घुमटी टोपी. पॉलिश केल्यावर माझ्यात तोंड दिसायचं. बैलगाडीतून मला इथल्या चामड्याच्या कारखान्यात आणलं, आणि बॉयलरवाल्या ॲमॉस स्टॅम्बॉने मला छपरावर बसवलं. पहिल्या दिवशी त्याने दोरी ओढली, वाफ माझ्या अंगात शिरली, आणि मी असा काही ओरडलो की खालच्या रस्त्यावरची डुकरं चौखूर उधळली. गावाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या, डुकरं पळाली म्हणून होत्या, हे मला पुढे कळलं.

कारण त्या डुकरांमुळेच तर आमचा बरो जन्माला आला. तेव्हा आमचा कारभार भोवतालच्या शेतकऱ्यांच्या हाती होता, आणि शेतकऱ्यांची डुकरं खुशाल आमच्या मुख्य रस्त्यावरून हिंडत. ईस्टरच्या दिवशी एका डुकरिणीने पाद्रीबाईंना नव्या झग्यासकट चिखलात लोळवलं. मग मात्र डोक्यावरून पाणी गेलं. त्रेसष्ट जणांनी अर्जावर सह्या केल्या, अर्ज कोर्टात गेला, आणि आम्ही वेगळे झालो. आमचा स्वतःचा बरो! स्वतःचं मंडळ! मंडळाच्या वरच्या माणसाला तेव्हा महापौर नव्हे, बर्जेस म्हणत. पहिला बर्जेस एझ्रा लिख्टी. लगाम आणि खोगिरं शिवणारा, सज्जन, आणि सगळीकडे उशिरा पोचणारा.

मंडळाने पहिला ठराव डुकरांविरुद्ध केला. दुसरा पायवाटेवर फळ्या घालण्याचा. तिसरा त्या फळ्यांवर न थुंकण्याचा. आणि चौथा माझा! मित्रांनो, थुंकण्यानंतर का होईना, पण माझा नंबर लागला.

झालं होतं असं की दोन चर्चची घड्याळं एकमेकांशी पटवून घेत नव्हती. एका चर्चमध्ये बारा वाजत तेव्हा दुसऱ्यात सव्वाबारा होऊन गेलेले. बायका सूप कधी गरम करायचं या विचाराने हैराण. म्हणून मंडळाने लिहिलं: ‘कारखान्याचा भोंगा रविवार सोडून दररोज बर्जेसच्या खिशातल्या घड्याळात बारा वाजतील तेव्हा वाजवावा, आणि तीच बरोची दुपार समजावी.’ सह्या झाल्या, शिक्का बसला.

आता एक गुपित सांगतो. एझ्राचं ते घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. नवरा चर्चला वेळेवर पोचावा म्हणून त्याच्या बायकोने, सालोमेने, ते एका रात्री गुपचूप पुढे सारून ठेवलं होतं. हे तिने ॲमॉसच्या बायकोला सांगितलं, बायकोने ॲमॉसला, आणि ॲमॉसने बॉयलरमध्ये कोळसा टाकता टाकता मला. एझ्राला बिचाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता नव्हता. तो चर्चला वेळेवर पोचू लागला, आणि त्याच्याबरोबर अख्खं गाव जगाच्या सात मिनिटं पुढे राहू लागलं!

एझ्रा गेल्यावर घड्याळ पुढच्या बर्जेसकडे गेलं, मग त्याच्या पुढच्याकडे. एकदा एक घड्याळजी म्हणाला, “आणा इकडे, सात मिनिटं मागे करून देतो.” तर गाव त्याच्या अंगावर धावलं. “आमच्या सात मिनिटांना हात लावशील तर खबरदार! या गावातल्या एका तरी माणसाची गाडी कधी चुकलीय का?” खरंच चुकली नव्हती. पुढे बर्जेसला महापौर म्हणायला लागले. दारावरची पाटी बदलली, घड्याळ तेच राहिलं.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस पुराचा. वसंतात बर्फ वितळत होतं आणि वर तीन दिवस पाऊस. सकाळी साडेदहाला ॲमॉसने खिडकीतून पाहिलं, तर वरच्या बंधाऱ्यावरून पाणी उसळत होतं. त्याने दोरी धरली आणि लोंबकळलाच. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पळा! पळा! आणि कारखान्यातल्या एकशे दहा माणसांनी काय केलं असेल? शांतपणे हात धुतले, टोप्या घातल्या, आणि टेकडीवरच्या आपापल्या घरी जेवायला निघाले. त्यांना वाटलं दुपार झाली! घरी बायका भडकल्या, “अजून बटाटे उकळतायत, इतक्या लवकर कसे उगवलात?” तेवढ्यात खालून पाणी आलं आणि अर्धा कारखाना घेऊन गेलं. माणूस एकही गेला नाही. लोक अजून म्हणतात की भोंग्याने गाव वाचवलं. मी म्हणतो, भुकेने वाचवलं. पण कौतुक आयतं चालून आलं तर नाही कशाला म्हणा?

त्या पुरात मीही वाहून गेलो. चिखलात रुतलो, मग बंबाच्या शेडमागे गवतात पडून राहिलो. किती वर्षं, ते मोजायचं मी सोडून दिलं. मुलं माझ्यात खडे टाकत. एका रॉबिन पक्षिणीने माझ्या टोपीखाली घरटं केलं, चार पिल्लं वाढवली. तेवढीच मला सोबत. ज्याच्या हाकेवर अख्खं गाव जेवायला बसायचं, त्याच्या तोंडात आता काड्या. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

शेवटी बंबावरच्या माणसांना माझी दया आली. त्यांनी मला घासलं, इथे छपरावर बसवलं, वाफेऐवजी दाबलेल्या हवेची टाकी जोडली. माझी दोरी छतातून खाली सोडली, ती थेट बरोच्या चिटणिसाच्या टेबलाशेजारी. त्या खुर्चीत बसली बावीस वर्षांची वर्ना स्टॅम्बॉ. ॲमॉसची नात!

वर्नाने चाळीस वर्षं माझी दोरी ओढली. सभांची इतिवृत्तं तिने लिहिली, कुत्र्यांचे परवाने तिने दिले, बर्फ कुणी आधी उपसायचं यावरची भांडणं तिने मिटवली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “एक ओरडणारा सांभाळतेय तेवढा पुरे.” रस्त्यापलीकडे एलवुड होस्टेटरचं न्हाव्याचं दुकान. एलवुडच आमचा महापौर. तो निवडणुकीला उभा नव्हता. कुणीच उभं नव्हतं. मग एकेचाळीस जणांनी मतपत्रिकेवरच्या कोऱ्या जागेत त्याचं नाव लिहिलं, आणि तो त्या दिवशी मासे धरायला गेला होता! परत आला तो महापौर होऊनच. बर्जेसचं घड्याळ त्याच्या खिशात आलं. रोज त्यात बारा वाजले की तो दारात येऊन हाक मारी, “वर्ना, बारा!” आणि ती दोरी ओढी.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग समोरच्या पिवळ्या घरात कॅरिसा डेल्गाडो राहायला आली.

कॅरिसा इस्पितळात रात्रपाळीची परिचारिका. सकाळी आठला घरी यायची, नऊला डोळा लागायचा, आणि बाराला सात कमी असताना मी तिच्या उशाशी बोंब ठोकायचो. चार महिने तिने सोसलं. एके दिवशी कामावर जाताना गाडी चालवता चालवताच तिला डुलकी लागली, आणि गाडी ओढ्याकाठच्या कुंपणात घुसली. खरचटण्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी तिचा अर्ज मंडळाकडे आला: भोंगा कायमचा बंद करावा.

वर्ना फणफणली. “आली कालची पोर, आणि निघाली गावाचा भोंगा बंद करायला! जूनमध्ये मी निवृत्त होतेय. तोवरही दम निघेना हिला?” तिला वाटलं, जाऊन दोन शब्द सुनवावेत. पण आमच्याकडे कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जात नाहीत, भांडायला जातानासुद्धा. म्हणून ती काकवीचा पाय घेऊन गेली. खायचा पाय हो, चालायचा नव्हे. पिठाच्या कवचात काकवी भरून भाजतात तो.

दार उघडलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. कॅरिसाचे डोळे लालभडक, केस विस्कटलेले.

“मिस वर्ना, माफ करा, घर आवरलेलं नाही,” ती म्हणाली. “या ना. कॉफी ठेवते. तुम्ही रागावून आला असाल.”

“रागावूनच आले होते,” वर्ना म्हणाली. “झोपली नाहीस?”

“झोपले होते. तीन तास.” कॅरिसाने हसायचा प्रयत्न केला. “भोंगा वाईट नाहीये हो. माझ्या आजोबांच्या गावातही असा होता. पण काल वॉर्डात मी एका म्हाताऱ्याचं औषध तीनदा तपासलं, आणि तरी मला माझाच भरवसा वाटेना. माझ्या हातून कुणाला काही झालं तर?”

वर्ना कचेरीत परत आली. टेबलाशी बसली, माझ्या दोरीकडे पाहिलं. “म्हाताऱ्या,” ती म्हणाली, “तू खरंच फार ओरडतोस रे.”

मित्रांनो, मला लाज वाटली. पितळ लाजतं का, असं विचारू नका. मी ज्या गावाला वाचवल्याची फुशारकी मारतो, त्याच गावातली एक पोर माझ्यामुळे मरता मरता वाचली होती. आणि बंद झालो तर? पुन्हा गवत, पुन्हा खडे. वर्नाच्या शेवटच्या दिवशी तिच्या हातात दोरीसुद्धा नसणार. दोन्हीकडून माझीच मान अडकली होती.

सभेच्या संध्याकाळी खोली माणसांनी गच्च भरली. हवेची नळी छतातून खाली जाते, म्हणून मला सगळं ऐकू येतं. तरुण सभासद म्हणाला, “आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. भोंग्याचं काम काय?” क्लेटन रप नावाचा जाडजूड सभासद उसळला, “काम काय? चाळीस वर्षं मी भोंग्यावर जेवतोय! मोबाईल वाजला की मला भूक लागत नाही, लोक काहीतरी मागणार याची धास्ती लागते!” लोक हसले. कॅरिसा उभी राहिली आणि जे वर्नाला सांगितलं तेच सांगितलं, न रडता. मग कुणी हसलं नाही.

मत झालं. भोंग्याचा ठराव रद्द करण्याच्या बाजूने तीन हात. विरोधात तीन. सातवा सभासद कॅरिसाचा घरमालक, त्याला या बाबतीत मत देता येत नाही. म्हणजे बरोबरी!

सगळे एलवुडकडे पाहू लागले. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम. त्याला वाईटपणा घ्यायची फार भीती. तो म्हणायचा, ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याने गावात कुणाशी वैर करू नये, गिऱ्हाईक मान पुढे करेनासं होतं. एकीकडे क्लेटनची मान, एकीकडे कॅरिसाची झोप. आता माझे बारा वाजलेच, असं मी धरून चाललो.

तेवढ्यात वर्ना म्हणाली, “महापौर, नियमाप्रमाणे रद्द करायचा ठराव आधी पूर्ण वाचून दाखवावा लागतो. तो कुणी वाचलेला नाही.”

“वाच, बाई, वाच,” एलवुड म्हणाला. त्याला तेवढाच दम खायला वेळ मिळाला.

तिने जुनी वही काढली. तिला मत नव्हतं, आवाज होता. तिने एकेक शब्द सुटा सुटा वाचला. “‘भोंगा रविवार सोडून दररोज... बर्जेसच्या... खिशातल्या... घड्याळात... बारा वाजतील तेव्हा वाजवावा, आणि तीच बरोची दुपार समजावी.’”

“पुन्हा वाच,” एलवुड म्हणाला.

तिने पुन्हा वाचलं. “बर्जेस म्हणजे आता तूच,” तिने वर जोडून दिलं. “आणि खिसाही तुझाच.”

एलवुडने घड्याळ बाहेर काढलं. त्याची काच बाहीने पुसली. मग विचारलं, “कॅरिसा, पोरी, तू उठतेस किती वाजता?”

“झोपू दिलंत तर पावणेतीनला. तीनपर्यंत तोंड धुऊन तयार.”

घड्याळाच्या चावीची करकर मला छपरावर ऐकू आली. एलवुड काटे मागे फिरवत होता. एक तास. दोन तास. तीन तास. सालोमेच्या सात मिनिटांना मात्र त्याने धक्का लावला नाही.

भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजले होते. एलवुडने खाकरून सांगितलं, “माझ्या घड्याळात आत्ता चार वाजून सदतीस मिनिटं झालीत. माझं मत रद्द करण्याच्या विरोधात. ठराव आहे तसाच राहील. भोंगा बारालाच वाजेल.”

आधी कुणाला काही कळलं नाही. मग सगळ्यात आधी कॅरिसाला कळलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता रडलीसुद्धा.

क्लेटन ओरडला, “अरे पण मग माझं जेवण? दुपारी तीनला?”

“त्याआधीच जेव की!” वर्ना म्हणाली. “तुझ्या पोटाला भोंगा लागतो होय? ते स्वतःच वाजतं, मागच्या बाकावर ऐकू येतं!”

साप मेला आणि काठीही मोडली नाही. यात साप कोण, असं विचारू नका, मी चिडेन.

तेव्हापासून आमच्या बरोची दुपार तीनला सात कमी असताना होते. बाहेरचे हसतात, हसू देत. नव्वद-शंभर वर्षं ते सात मिनिटांना हसत होते, आता तीन तासांना हसतील. शाळा तीनला सुटते. मी वाजलो की पुढची सात मिनिटं एकही मूल बाईंचं ऐकत नाही. बाईंनी माझ्याविरुद्ध अर्ज लिहायला घेतला होता. पण त्यांनाही घरी जायचं असतं, म्हणून तो अर्धाच राहिला.

जून आला. वर्नाच्या शेवटच्या दिवशी एलवुड दारात येऊन ओरडला, “वर्ना, बारा!” तिने दोरी ओढली, पण सोडेना. मी वाजत राहिलो, वाजतच राहिलो. चाळीस वर्षं होती ती, एका दमात कशी संपणार? शेवटी टाकीतली हवा संपली, तेव्हा तिने दोरी सोडली, डोळे पुसले आणि म्हणाली, “आता याला कोण बघेल?”

नव्या चिटणीसबाईंना दुपारी दुसऱ्या गावी काम असतं. मंडळात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. दुपारी तीनच्या सुमाराला मोकळा, ताजातवाना, आणि समोरच राहणारा असा माणूस गावात एकच होता.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात, गावात माझ्यासारखी जुनी खोडं असतील. काही माणसंही असतील. त्रास देत असतील, अवेळी ओरडत असतील. त्यांना गवतात टाकण्याआधी एकदा विचारून बघा, की नको आहे ते यांचं असणं, की फक्त यांची वेळ? वेळ बदलता येते. घड्याळ शेवटी आपल्याच खिशात असतं.

बास, आता गप्प बसतो. पिवळ्या घराचं दार वाजलं. ती आलीच, पायात सपाता, हातात कॉफीचा पेला, केस अजून ओले. पोटभर झोपलेली दिसते. रस्त्यापलीकडे एलवुड दारात आलाय, गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेलं तसंच खुर्चीत सोडून.

“कॅरिसा, बारा!”

ती दोरी हातात घेते आणि वर छताकडे बघून म्हणते, “चल रे म्हाताऱ्या, ओरड आता.”